झडपांचे विकार : हृदय सोसते, म्हणून रोग उशिरा कळतो

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

आपल्या भागात कोणाला हृदयाचा त्रास आहे असे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ब्लॉक किती निघाले? हा प्रश्न हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांबद्दलचा आहे. ज्यांच्या झडपा बिघडलेल्या असतात त्यांना तो लागू पडेलच असे नाही. त्यांची अँजिओग्राफी स्वच्छ येते, घरची मंडळी निर्धास्त होतात आणि धाप मात्र तशीच राहते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. रुग्ण तपासणे हा माझा व्यवसाय नव्हता. त्यामुळे पुढचा मजकूर औषधोपचाराचा सल्ला नाही. झडप बिघडल्यावर हृदयात नेमके काय घडते आणि ते इतकी वर्षे लपून कसे राहते, एवढेच मला मांडायचे आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील सभासदांनी आपले अनुभव आणि प्रश्न जोडावेत.

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. उजवीकडे ट्रायकस्पिड आणि पल्मनरी, डावीकडे मायट्रल आणि एओर्टिक. मायट्रलला दोन पाकळ्या असतात, बाकीच्यांना तीन-तीन. झडप आपल्या जोरावर हलत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाने ती उघडते आणि मिटते, आणि दिवसाकाठी साधारण १ लाख वेळा हे घडते. बिघाडाचे प्रकार दोनच : झडप पुरती उघडत नाही, म्हणजे ती अरुंद झाली, किंवा पुरती मिटत नाही, म्हणजे ती गळते. एकाच झडपेत दोन्ही दोष एकत्र असू शकतात.

मायट्रल झडप निरोगी प्रौढ माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ते क्षेत्र दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाले की आजार तीव्र समजला जातो. पाटाचे दार पुरते उघडले नाही की पाणी मागे तुंबते, तसे रक्त डाव्या वरच्या कप्प्यात तुंबते, तेथील दाब वाढतो आणि तो मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. मग चढ चढताना धाप लागते, पुढे पुढे रात्री आडवे पडवत नाही, कधी खोकल्यातून रक्त येते. वरचा कप्पा ताणला जाऊन मोठा होतो, त्याची लय बिघडते, तो आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरू लागतो आणि त्यात साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. ही गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो, आणि झडप खराब आहे हे काही रुग्णांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. दाब वर्षानुवर्षे तसाच राहिला तर हृदयाची उजवी बाजूही थकते. पाय सुजतात, यकृत वाढते, पोटात पाणी होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खालचा कप्पा भरतो तो दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. नाडी जलद झाली की हा वेळ कमी होतो, आणि म्हणूनच अरुंद मायट्रल झडपेचा रुग्ण इतके दिवस बरा दिसत असताना एखाद्या तापात, धावपळीत किंवा गर्भारपणात एकाएकी बिघडतो.

एओर्टिक झडप अरुंद झाली तर वेगळे घडते. निरोगी माणसात ती ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याखाली आली की आजार तीव्र. डाव्या खालच्या कप्प्याला तेवढ्याच फटीतून सगळ्या शरीराचे रक्त ढकलावे लागते, म्हणून त्याची भिंत जाड होत जाते. या जाडीमुळे काही वर्षे निभावते. परंतु जाड स्नायूला स्वतःसाठी जास्त रक्त लागते आणि ते पुरत नाही. शिवाय जाड भिंत सैल होऊन नीट भरतही नाही. छातीत दुखणे, चालताना भोवळ येणे आणि धाप लागणे ही लक्षणे त्यातून येतात. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की लक्षणे सुरू होईपर्यंत हे रुग्ण दीर्घकाळ ठीक असतात, आणि एकदा ती सुरू झाली की शस्त्रक्रियेविना उरलेले आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षांचे असते.

गळक्या झडपांचे गणित तिसरेच आहे. मायट्रल गळत असेल तर प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे वर जाते, एओर्टिक गळत असेल तर महाधमनीत गेलेले रक्त परत हृदयात येते. दोन्हींत खालच्या कप्प्याला तेच रक्त पुन्हा पुन्हा वाहावे लागते. तो आकाराने वाढतो आणि वाढलेल्या आकारामुळे दर ठोक्याला अधिक रक्त फेकू शकतो, त्यामुळे माणसाला काहीच जाणवत नाही. एओर्टिक गळतीत वरचा रक्तदाब १६० आणि खालचा ५० असे विचित्र अंतर पडते, नाडी जोरात उसळते, आणि तरीही तो गृहस्थ शेतात राबत असतो.

जी गोष्ट हृदय स्वतःला वाचवण्यासाठी करते, भिंत जाड करणे किंवा कप्पा मोठा करणे, तीच पुढे त्याच्या नाशाला कारण होते, आणि ज्या काळात ती चालू असते त्या काळात रुग्णाला वाटते की आपल्याला काही झालेले नाही. माझ्या मते झडपांच्या आजारात समजून घेण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे हेच आहे.


वडगावचा_माग

सर, फार स्पष्ट लिहिले आहे. आमच्या विणकर गल्लीत माझ्या माहितीत झडप खराब झालेल्या तीन-चार स्त्रिया आहेत, आणि सगळ्या तरुण वयातच आजारी पडल्या. मोठ्या शहरातील नातेवाइकांकडे मात्र हा आजार सत्तरीच्या म्हाताऱ्यांना झालेला पाहिला. एकच आजार दोन ठिकाणी इतक्या वेगळ्या वयात का येतो?


खानापूरची_सिस्टर

या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण माझ्या नोकरीतील बराच वेळ यातच जातो. मी खानापूर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे.

तरुण वयात झडप खराब होण्याचे आपल्याकडील मुख्य कारण म्हणजे रुमॅटिक फीवर, ज्याला संधिवाताचा ताप म्हणतात. सुरुवात घशातून होते. गट अ चा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या घशाला विशेष धरतो. घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत मूल खेळायला लागते आणि सगळे ती गोष्ट विसरतात. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या मुलांत पुन्हा ताप येतो आणि सांधे धरतात. आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर, असे दुखणे फिरते; सांधा सुजून लाल होतो आणि मूल चादरही लागू देत नाही. शरीराने जंतूविरुद्ध उभी केलेली प्रतिकारशक्ती, जंतूच्या आणि हृदयाच्या काही प्रथिनांत साम्य असल्यामुळे, आपल्याच झडपांवर उलटलेली असते. सांधे पूर्ण बरे होतात, कोणतीही खूण ठेवत नाहीत. झडपांच्या पाकळ्या मात्र सुजतात, पुढे जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, त्यांना धरून ठेवणारे दोरे आखडतात. मायट्रल सर्वांत जास्त सापडते, त्याखालोखाल एओर्टिक. हे चिकटणे वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे दहाव्या वर्षी आलेल्या तापाची धाप पंचविशीत किंवा तिशीत लागते, आणि रुग्णाला विचारले तर लहानपणी असे काही झाल्याचे अनेकदा आठवत नाही.

काही मुलांत, विशेषतः मुलींत, सांध्यांऐवजी हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या नकळत वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात, अक्षर बिघडते, हातातले भांडे पडते. घरात आणि शाळेत त्या मुलीला बोलणी बसतात. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावून आणलेली मुलेही मी पाहिली आहेत. याला कोरिया म्हणतात आणि तोही याच तापाचा भाग आहे. अमेरिकेतील डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये या आजाराच्या निदानाचे निकष मांडले, त्यांत सांधे आणि हृदय यांच्या बरोबरीने कोरियालाही स्थान दिले. सुधारणा होत तेच निकष आजही वापरतात.

हा जंतू दाटीवाटीत पसरतो. लहान घर, एका खोलीत झोपणारी पाच-सहा माणसे, वसतिगृहे, आणि दवाखाना दूर असणे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आषाढ-श्रावणात पाऊस सुटतो तेव्हा घसा दुखतो म्हणून मुलाला घेऊन कोणी घाट उतरत नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. पण घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी संधिवाताचा ताप टळतो, म्हणजे पाऊस उघडेपर्यंत थांबायला थोडी सवड असते. सगळी घसादुखी जंतूची नसते, बहुतेक विषाणूंचीच असते. नाक गळत नाही, खोकला नाही, ताप आहे, गिळवत नाही, गळ्याच्या गाठी सुजून दुखतात, असे शाळकरी मूल असेल तर मात्र दाखवून घ्यावे.

एकदा हा ताप आला की तो पुन्हा येऊ शकतो, आणि प्रत्येक खेपेला झडप आणखी खराब होते. म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात, मोठ्यांना १२ लाख युनिट, २७ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ६ लाख, आणि आपल्यासारख्या भागात दर तीन आठवड्यांनी. हृदयाला धक्का लागलेला नसेल तर किमान पाच वर्षे आणि वयाच्या अठरा-एकविसाव्या वर्षापर्यंत. झडपेत दोष राहिला असेल तर चाळिशीपर्यंत किंवा त्यापुढेही. इंजेक्शन दुखते, हे खरे. ते सावकाश द्यावे लागते. मूल बरे दिसत असताना दर तीन आठवड्यांनी मजुरी बुडवून त्याला सुई टोचायला आणायचे, हे आईबापांना पटवणे मला कोणत्याही लसीपेक्षा अवघड गेले आहे. वर सरांनी लिहिले तसे, काही जाणवत नाही हीच अडचण.


निपाणीकर_७२

सिस्टरांनी तरुणांचे सांगितले, माझ्यासारख्यांचे काय? माझी एओर्टिक झडप अरुंद होत असल्याचे दोन वर्षांपूर्वी निघाले. लहानपणी सांधे कधी धरले नाहीत. पन्नास वर्षे तंबाखूच्या व्यापारात गेली आणि विडीही होतीच. झडपेवर कॅल्शियम साचले आहे असे सांगितले. तेव्हापासून घरात दूध बंद करावे असे सर्वांचे मत आहे. शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी घेतली तर झडप स्वच्छ होईल असेही एकाने सुचवले. यात तथ्य किती?


टिळकवाडीकर

अण्णा, दूध चालू ठेवा. झडपेवर साचणारे कॅल्शियम खाण्यातून थेट येत नाही. पाकळ्यांच्या आवरणाला वर्षानुवर्षे इजा होते, तेथे चरबी आणि दाह शिरतो, आणि मग पाकळीतील पेशीच हाडासारखा पदार्थ तयार करू लागतात. वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे जुने आजार यांमुळे ही शक्यता वाढते. ही प्रक्रिया रक्तवाहिन्यांतील आजारासारखी दिसते, म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी ती मंदावेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु सीस नावाच्या मोठ्या चाचणीत २००८ मध्ये तसे आढळले नाही. आपल्या डॉक्टरांनी ती गोळी रक्तवाहिन्यांसाठी दिली असेल तर त्या कारणासाठी ती अवश्य चालू ठेवा. झडप मात्र तिने उघडणार नाही.

काही लोकांच्या एओर्टिक झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोन माणसांत हे आढळते. अशी झडप लवकर झिजते आणि पन्नाशी-साठीतच अरुंद होते, म्हणून त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनीही एकदा इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची तपासणी, करून घेणे शहाणपणाचे.

एक सावधगिरी. छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी झाली आहे, शेजारीसुद्धा आपल्या डबीतली काढून देतात. एओर्टिक झडप फार अरुंद असेल तर या गोळीने रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. आपण ती घ्यावी की नाही हे आपल्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि घरच्यांना दाखवून ठेवा.


चिकोडीचा_वाचक

माझ्या इको रिपोर्टवर ट्रिव्हियल एमआर आणि ट्रिव्हियल टीआर असे लिहिले आहे. बाकी सर्व नॉर्मल. झोप उडाली आहे.


टिळकवाडीकर

झोपा. एमआर म्हणजे मायट्रलची गळती, टीआर म्हणजे ट्रायकस्पिडची, आणि ट्रिव्हियल म्हणजे नगण्य. हल्लीची इको यंत्रे इतकी सूक्ष्म झाली आहेत की निरोगी माणसांच्या झडपांतूनही थोडीशी गळती त्यांत दिसते. पाकळ्या पातळ आहेत, कप्प्यांचा आकार योग्य आहे असे लिहिलेले असेल तर हा आजार नव्हे.


संकेश्वरचा_कारकून

सिस्टरांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी साखर कारखान्याच्या परिसरात राहतो. हंगामात ऊसतोड टोळ्या येतात, त्यांची मुले खोपीतच राहतात. एका टोळीतील मुलीचे इंजेक्शन तिच्या गावी चालू होते. इकडे आल्यावर तिच्या वडिलांनी एका दवाखान्यात जुनी चिठ्ठी दाखवली, तर रिॲक्शन येईल, आम्ही जबाबदारी घेणार नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. दुसरीकडे तेच. हंगाम संपेपर्यंत इंजेक्शन मिळालेच नाही. डॉक्टरांची भीती मी समजू शकतो, परंतु अशा मुलांनी जायचे कोठे?


खानापूरची_सिस्टर

पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असते आणि तिने जीव जाऊ शकतो, त्यामुळे भीती निराधार नाही. पण ती विरळ आहे, आणि ॲड्रेनलिन हाताशी ठेवून, इंजेक्शननंतर मुलाला थोडा वेळ बसवून ठेवले तर ती हाताळता येते. सरकारी केंद्रात ही तयारी असलीच पाहिजे. अलीकडे आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. इंजेक्शननंतर दगावलेल्या काही रुग्णांत कारण ॲलर्जी नव्हते. त्यांच्या झडपा आधीच फार खराब होत्या आणि वेदनेने व भीतीने नाडी-रक्तदाब उतरणे त्यांच्या हृदयाला सोसले नाही. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये असे सुचवले की झडपांचा तीव्र आजार असलेल्या रुग्णांना सुईऐवजी तोंडाने गोळ्या देण्याचा विचार करावा. टोळीतल्या मुलीला धाप नव्हती, ती खेळत होती असे असेल, तर तिच्यासारख्यांसाठी इंजेक्शनच योग्य.

लवकर सापडलेल्या आजारात इंजेक्शनचा किती उपयोग होतो याचे चांगले उत्तर युगांडातून आले. केवळ इकोत दिसणारा, काहीही लक्षण नसलेला आजार असलेल्या ८१८ मुलांवर तेथे अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत, इंजेक्शन न घेणाऱ्या मुलांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला. घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.८ टक्के होते. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते आणि ज्या आजारांसाठी ती करायची त्यांत संधिवाताचा हृदयविकारही आहे. पथक शाळेत येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. टोळ्यांची मुले नेमकी त्या दिवशी शाळेच्या पटावर नसतात, हे दुखणे आहेच. तोवर इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि केंद्राचा शिक्का असलेले कार्ड वडिलांच्या आधार कार्डासोबत ठेवायला सांगा. कोरी चिठ्ठी पाहून कोणी सुई देत नाही, शिक्का पाहून बऱ्याचदा देतात.


मलप्रभाकाठ

माझ्या नणंदेला सातव्या महिन्यात इतकी धाप लागू लागली की ती भिंतीला टेकून बसूनच झोपत असे. रक्त कमी आहे, गरोदरपणात असे होतेच, असे सगळे म्हणत राहिलो आणि लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या. बेळगावला नेल्यावर इकोत मायट्रल झडप अरुंद निघाली. तिला फुग्याने झडप उघडण्याची प्रक्रिया गरोदरपणातच करावी लागली आणि बाळ-बाळंतीण दोघेही ठीक आहेत. सर, सातव्या महिन्यापर्यंत काहीच कसे कळले नाही?


टिळकवाडीकर

गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडीही जलद होते. म्हणजे अरुंद झडपेतून अधिक रक्त जायला हवे आणि त्यासाठी मिळणारा वेळ मात्र कमी. ही वाढ सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास कळसाला पोहोचते, म्हणून त्याच वेळी त्रास उघड होतो. बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावून त्यातील रक्त एकदम हृदयाकडे येते, तेव्हा प्रसूतीनंतरचे पहिले एक-दोन दिवसही धोक्याचे असतात. पांडुरोगानेही धाप लागते हे खरे, परंतु आडवे पडल्यावर वाढणारी आणि बसल्यावर कमी होणारी धाप दिसली की इको झालाच पाहिजे.

फुग्याची प्रक्रिया जपानचे कांजी इनोउए यांनी शोधली आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. जांघेतील शिरेतून नळी नेऊन, चिकटलेल्या पाकळ्या फुग्याने विलग करतात. छाती उघडावी लागत नाही. ती प्रत्येकाला चालत नाही. पाकळ्या फार जाड किंवा कॅल्शियमने कडक झालेल्या असतील, झडप जास्त गळत असेल किंवा वरच्या कप्प्यात गुठळी असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. आपल्या नणंदबाईंची पेनिसिलिनची इंजेक्शने चालू आहेत ना, तेवढे पाहा. झडप उघडली तरी ती थांबवायची नसतात.


अथणीचा_टिकटिक

माझी मायट्रल झडप बदलली आहे, नावावरून कळलेच असेल. रात्री सगळे शांत झाले की बायकोला माझ्या छातीतला आवाज ऐकू येतो. माझी झडप चित्रा आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली आणि १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली. परदेशी झडपा परवडत नव्हत्या त्या काळात आपल्या माणसांनी धातूच्या चौकटीत प्लास्टिकची चकती फिरवून हे जमवले, याचा मला अभिमान वाटतो.

कृत्रिम झडपेबरोबर काय काय घरी येते ते लिहितो, कारण हे ऑपरेशनच्या आधी कोणी नीट समजावून सांगत नाही. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आयएनआर नावाची रक्ततपासणी वरचेवर करून मात्रा ठरते; मायट्रल जागेवरच्या झडपेला तो साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, एओर्टिकला सहसा २ ते ३. मेथी, पालक, शेपू, कोबी यांत व्हिटॅमिन के असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते. पालेभाजी सोडू नये. आठवड्याला जितकी खातो तितकीच खात राहावी. मी श्रावणात एकदम पालेभाज्यांवर गेलो की आयएनआर खाली येतो. अंगदुखीच्या गोळ्या, जडीबुटी, कोणाच्या सांगण्यावरून घेतलेले काढे, काहीही घेण्याआधी विचारावे. दात काढण्यापूर्वी तासभर आधी अमॉक्सिसिलिन घ्यावे लागते, नाहीतर तोंडातले जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर घर करतात. या रोगाला एंडोकार्डायटिस म्हणतात, आणि तो चांगली झडपही काही दिवसांत फाडतो. ज्यांना अजून ऑपरेशन व्हायचे आहे त्यांनी आधी दात तपासून घ्यावेत.

रक्त पातळ करण्याच्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना तपासणी लागत नाही, त्या घे, असा सल्ला मला अनेकांनी दिला. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. २०१३ मधील एका चाचणीत अशी गोळी घेणाऱ्यांत गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी कायमची लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणांत त्याहून लवकर. ज्या तरुण स्त्रियांना पुढे मूल हवे आहे त्यांना ही निवड फार कठीण जाते, कारण रक्त पातळ करणारी जुनी गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला बाधू शकते.


हुक्केरीचा_शेतकरी

सर्व वाचले, माहिती उत्तम आहे. तरी माझे मत वेगळे आहे. माझ्या थोरल्या भावाची मायट्रल झडप गळते. तो ट्रॅक्टर चालवतो, जत्रेत डोंगर चढतो. त्याचे ईएफ ५८ टक्के आहे आणि त्याच रिपोर्टवर पंपिंग चांगले आहे असेही लिहिले आहे. डॉक्टर मात्र ऑपरेशन सुचवतात. ज्याला काही होत नाही त्याची छाती उघडायची आणि मग अथणीच्या अण्णांसारखे जन्मभर गोळ्यांना बांधून ठेवायचे, यात कोणता शहाणपणा? त्रास सुरू झाला की करू.


टिळकवाडीकर

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ईएफ म्हणजे खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते याचे माप. बाहेर म्हणजे कोठे, हे ते माप सांगत नाही. आपल्या भावाच्या हृदयातून जे रक्त बाहेर पडते त्यातले काही महाधमनीत जाते आणि काही गळक्या झडपेतून मागे, वरच्या कप्प्यात. मागे ढकलणे सोपे असते, तिकडे दाब कमी असतो. त्यामुळे स्नायू अशक्त होऊ लागला तरी आकडा चांगला दिसतो. निरोगी झडपेच्या माणसात ५८ हा उत्तम आकडा आहे. मायट्रलची गळती तीव्र असताना मात्र ६० किंवा त्याखालचा आकडा म्हणजे स्नायू थकू लागल्याची खूण मानतात, आणि खालच्या कप्प्याचा आकुंचनानंतरचा व्यास ४० मिलिमीटर किंवा अधिक होणे हीही तशीच खूण. लक्षणे नसतानाही या टप्प्यावर शस्त्रक्रिया सुचवतात, कारण त्यानंतर झडप दुरुस्त केली तरी स्नायू पूर्ववत होईल याची खात्री राहत नाही. झडप मिटू लागली की मागची पळवाट बंद होते आणि थकलेल्या स्नायूला सगळे रक्त पुढेच ढकलावे लागते. उशिरा केलेल्या ऑपरेशननंतर रुग्ण आणखी खालावल्याच्या ज्या कहाण्या आपण ऐकतो त्यांतल्या काही अशा घडतात, आणि दोष ऑपरेशनला जातो.

दुसरे, प्रत्येक झडप बदलावीच लागते असे नाही. पाकळ्या सैल होऊन किंवा दोरा तुटून मायट्रल गळत असेल तर तीच झडप शिवून, तिच्या घेराभोवती कडी (रिंग) बसवून दुरुस्त करता येते, आणि दुरुस्ती चांगली झाली तर सहसा रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर लागत नाही. संधिवाताच्या तापाने आखडलेल्या झडपेत ही दुरुस्ती अवघड असते. भावाची गळती कशामुळे आहे आणि दुरुस्ती शक्य आहे का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कप्पा फुगल्यामुळेही मायट्रल गळते, पण तेथे मूळ दोष स्नायूचा असतो आणि उपचारांचा क्रम बदलतो.


हुक्केरीचा_शेतकरी

मुद्दा समजला. कप्प्याचा व्यास रिपोर्टवर ४२ आहे, म्हणजे तोही पलीकडे गेला आहे. आता खर्चाचे बोला. बीपीएल कार्ड आहे.


अथणीचा_टिकटिक

कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, आणि एपीएल असेल तर ठरलेल्या दराच्या ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. थेट खासगी रुग्णालयात जाऊन भरती होऊ नका. तातडीचे नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. ती नसली की दावा अडतो आणि मग घरचे पैसे जातात. रेशन कार्डावरचे आणि आधारवरचे नाव सारखे आहे का ते आधी पाहा. आपल्या मराठी माणसांची नावे कन्नडमधून इंग्रजीत जाताना दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिली जातात आणि काउंटरवर तेच आडवे येते. भाऊ सहकारी सोसायटीचा सभासद असेल तर यशस्विनी या सभासदांसाठीच्या आरोग्य योजनेतही नाव आहे का ते विचारा. महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी भाषकांना लागू करण्याचे जाहीर केले आहे. कोल्हापूर-मिरजेकडे जाण्याचा विचार असेल तर त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला कागदपत्रांबद्दल आधीच फोन करा.


निपाणीकर_७२

शेवटचा प्रश्न. माझी झडप सध्या मध्यम अरुंद आहे आणि लक्षण काही नाही. पुन्हा इको केव्हा करावा? मुलगा म्हणतो दर तीन महिन्यांनी करू. शिवाय छाती न उघडता एओर्टिक झडप बसवतात असे ऐकले, ते या वयात चालते का?


टिळकवाडीकर

दर तीन महिन्यांची गरज नाही. एओर्टिक झडप सौम्य अरुंद असेल तर तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर एक-दोन वर्षांनी आणि तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षाने इको करतात. मधल्या काळात नेहमीच्या चढावर थांबावे लागले, भोवळ आली किंवा छातीत दुखले तर तारखेची वाट न पाहता जायचे. शक्यतो त्याच ठिकाणी आणि जुने रिपोर्ट सोबत घेऊन करा, म्हणजे झडपेतील रक्ताचा वेग किती वाढला ते ताडून पाहता येते. सेकंदाला ४ मीटर किंवा त्यावर गेला की आजार तीव्र गणतात.

आपण ऐकले ते खरे आहे. फ्रान्समधील आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा रक्तवाहिनीतून एओर्टिक झडप माणसात बसवली. ही पद्धत आज मुख्यतः आपल्या वयाच्या रुग्णांसाठीच वापरतात. झडपेचा आकार, जांघेतील धमनीची रुंदी आणि कॅल्शियम कोठे साचले आहे हे सीटी स्कॅनमध्ये पाहून निर्णय घेतात. आपल्या झडपेला अजून त्याची वेळ आलेली नाही. विडी मात्र सुटली आहे ना?


निपाणीकर_७२

विडी गेल्या दिवाळीपासून बंद आहे. सॉर्बिट्रेटची डबी सुनेकडे दिली आहे, आणि सोमवारी डॉक्टरांकडून त्याबद्दल लिहून घेणार आहे.